माहेरचं स्टेशन

आमचे मालक पिंगळीकडं रेल्वेच्या फाटकावर होते. रिटायर झाल्यावर लेकीनं त्यांना कॉम्प्युटर दिला आणि आगगाडीच्या खेळाची एक सीडी. जन्मभर दुसऱ्याच्या गाडीसाठी फाटक लावलेला माणूस, आता स्वतःच्या गाड्या सोडायला लागला. मी शेजारी मेथी निवडत बसायची. माझं माहेर मानवतकडचं खेडं. तिथं रेल्वे कधी आली न्हाई. यांनी खेळात तिथं स्टेशन बांधलं, पाटीवर गावाचं नाव घातलं, विहिरीपाशी लिंबसुद्धा लावला.

मग एक दिवस खेळ उघडेना. आता म्हणे कंपनीच्या ऑनलाइन खात्यात नाव नोंदवल्याबिगर खेळता येणार न्हाई. लेक फोनवर म्हणाली, फुकट चोरून खेळणारे लय झालेत, कंपनीनं तरी काय करावं? हे म्हणाले, "अगं, चोर धरायला घरमालकालाच दाराबाहेर उभं करायचं का?" पण नोंदवलं, स्वतःच्या मोबाईल नंबरावर. तेव्हापासून यांनी बांधलेलं सगळं त्या खात्यातच राहायला लागलं.

मागच्या साली हे गेले. पुण्यानुमोदनाला त्यांचे कपडे देऊन टाकले. फोन मात्र वाजतच राहायचा. ज्याला ठाऊक न्हाई तो तब्येत विचारायचा, आणि मी दर वेळी नव्यानं तेच सांगायचं. शेवटी दुकानात जाऊन नंबरच बंद करून आले.

परवा लेक आली. म्हणलं, बाई, माझं माहेरचं स्टेशन दाखव गं. खेळानं पुन्हा ओळख मागितली, आणि ओटीपी धाडला तो यांच्या नंबरावर. कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं, ज्याचं खातं त्यानंच अर्ज करावा.

लेकीनं तो नंबर लावून बघितला. कुण्या दुसऱ्याच बाईला मिळालेला. मीच बोलले, "ताई, हा नंबर माझ्या मालकाचा होता. ते वारले. तुमच्या फोनवर आकडे आले असतील, तेवढे सांगता का?"

ती म्हणाली, "मावशी, वाईट वाटतंय. पण ओटीपी कुणालाच सांगायचा नसतो."

तिचं काय चुकलं? मीसुद्धा सांगितला नसता. यांनीच पढवलं होतं मला, समोरचं माणूस रडलं तरी ओटीपी सांगायचा न्हाई म्हणून.

लेकीनं कॉम्प्युटर बंद केला. सीडी कपाटात हाय, यांच्या चष्म्याच्या डबीखाली. विकत घेतलेली, आमचीच. तिच्यात ते स्टेशन न्हाई, एवढं आता मला कळलंय.