आलूगुंड्याचा परवाना

तापल्या तेलात बेसन पडल्याचा वास आला की मला हिंदी मुलुखातल्या आमच्या हुडको वसाहतीतली ती टपरी आठवते. तिथे आलूगुंडे, म्हणजे मुलांनो, आपले बटाटेवडे, तळणारी बाई एका सकाळी रडतच माझ्या दारी आली. “काकू, पालिकेवाले परवाना दाखव, नाही तं टपरी उचल म्हणून राहिले जी! कागद तं पाण्यात भिजून गेला.” नोंद पालिकेत असणारच, म्हणून मी माहितीच्या अधिकाराखाली तिचा अर्ज हिंदीत लिहिला आणि परवान्याची नक्कल मागितली. उत्तर आले, अशी कोणतीही नोंद नाही. तिला घेऊन मी कार्यालयात गेले, तर बाबू अर्ज वाचून हसला. “माताजी, परवाना तो शमा पे जलता है. हमारे यहाँ अनुज्ञप्ति होती है.” माझ्या हिंदीत मराठी शब्द शिरला होता; लायसन्सला तिथल्या कागदोपत्री अनुज्ञप्ति म्हणतात, आणि त्याच्या लेखी परवाना म्हणजे दिव्यावरचा पतंग! तिथेच बाकावर बसून मी तो एक शब्द बदलून नवा अर्ज दिला. काही आठवड्यांनी शिक्क्यासकट नक्कल आली आणि टपरी राहिली. अजूनही मी तिकडे गेले की ती कढईतला गरम आलूगुंडा कागदावर ठेवते आणि म्हणते, “घ्या काकू, तुमचा परवाना!”