दोन महिन्यांचा राजीनामा

डहाणूत आमचा छोटा डिझाइन स्टुडिओ होता. चिकूच्या खोक्यांची लेबलं, चादरींचे नमुने, रिसॉर्टच्या भिंतींवरची चित्रं अशी कामं. छपाईची माणसं धरून आम्ही वीसच्या वर गेलो, तेव्हा पीएफ लागू झाला. पगारपत्रक, चलन, फॉर्म सगळं मीच बघायचे. झटपट बघायचे, आणि त्याचा मला माज होता.

तलासरीकडच्या एका पाड्यावरून येणारी मावशी आमची सर्वात जुनी चित्रकार. २०१४च्या उन्हाळ्यात तिच्या मुलाचं लग्न ठरलं. त्याच मांडवात तिचंही. नवऱ्याबरोबर तीस वर्षं संसार झाला होता, पण लग्नाचा खर्च कधी जमला नव्हता. त्यांच्या आदिवासी समाजात त्याचं कुणाला काही वाटत नाही. जमेल तेव्हा लग्न लावतात.

"त्रेपन्नाव्या वर्षी हळद लावून घेणार?" मी विचारलं.

"मग? सून नवरी होल नि मी काय भांडी घासू?" ती म्हणाली. "बाई, माझा पीएफ काढून दे."

लग्नासाठी नोकरी न सोडता उचल मिळत होती, पण तेवढ्यात तिचं भागत नव्हतं. सगळी रक्कम हवी तर नोकरी सोडल्याचं दाखवावं लागे. मी ते बऱ्याच जणांसाठी केलं होतं. कागदोपत्री दोन महिने राजीनामा, तेवढे दिवस रोख पगार, मग पुन्हा भरती. मावशीचेही दोन फॉर्म भरले: एक पीएफचा, दुसरा पेन्शनचा. पेन्शनच्या फॉर्मवर पैशांऐवजी सेवेचा दाखला मागता येत होता. तो मागितला असता तर तिची आधीची आठ वर्षं शाबूत राहिली असती. मी पैसे मागितले. मांडवात दोन जोड्या उभ्या राहिल्या, मी जेवून आले.

२०१९मध्ये ती अठ्ठावन्न वर्षांची झाली. पेन्शनचा अर्ज मीच भरला. तो परत आला. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. हिची पाचच भरत होती. आधीची आठ मी पैसे काढून पुसून टाकली होती. पीएफच्या कार्यालयातल्या कारकुनाने माझ्याच सहीवर बोट ठेवलं. "मॅडम, यांनी खरंच नोकरी सोडली होती?" मी 'हो' म्हणाले. 'नाही' म्हटलं असतं तर स्टुडिओ अडकला असता.

मावशीला स्टुडिओत बसवून सगळं सांगितलं.

"म्हंजे मी गेलेच नव्हते, तरी गेले?"

"हो."

"नि तुला ठाऊक होतं?"

"पेन्शनचं लक्षात नाही आलं."

"पेन्शनचं नाय, माझं लक्षात नाय आलं," ती म्हणाली.

मी म्हटलं, दर महिन्याला स्टुडिओतून काहीतरी देत जाईन.

"कागद कर तसा. उद्या तू दुकान बंद केलंस तर?"

कागद म्हणजे कबुली. वकिलाला विचारून सांगते, असं मी म्हणाले. तिने रंगाचे हात पुसले, डबा पिशवीत टाकला आणि तलासरीच्या जीपसाठी निघाली.

वकिलाला मी अजून विचारलेलं नाही. राजीनाम्याचा कागद मात्र तिच्या चहाचा कप रिकामा व्हायच्या आत तयार केला होता.