आत्याच्या गिटारमधली घुंई

आत्याने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. तिचा कान असा तयार, की फोनवर माणूस नुसता खाकरला तरी ती सांगायची, "हा घरून भांडून आलाय." निवृत्तीनंतर ती विणकाम करील असं सगळ्यांना वाटलं होतं. तिने इलेक्ट्रिक गिटार आणली.

"या वयात?" तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, म्हणाले.

"मग काय, पुढच्या वयात शिकू?"

वर्षभरात बोटांना घट्टे पडले, चार-पाच गाणी बसली. पण गिटार अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या त्या खोक्याला जोडली, की सुरांमागे 'घुंईऽऽ' सुरू व्हायची. दुकानदार न ऐकताच म्हणाला, "ही अशीच वाजणार. नवी घ्या."

आत्या घरी येऊन भडकली. "लाइन खरखरली म्हणून आम्ही काय गाव बदलायचो?"

रविवारी सकाळी तिने बाबांना हाताशी घेतलं. आधी अँपमधून गिटारची वायर उपटली. खोका गप्प. "हा निर्दोष." मग दुसरी वायर लावून पाहिली. घुंई जशीच्या तशी. "वायरही निर्दोष सुटली." पंखा, फ्रिज, ट्यूबलाइट, बाबांनी एकेक करून सगळं बंद केलं. घुंई काही हटेना.

वैतागून आत्या गिटार मांडीवर घेऊनच फिरत्या खुर्चीवर गर्रकन वळली आणि आवाज एकदम खाली गेला. ती पुन्हा वळली. खिडकीकडे तोंड केलं की नुसती कुजबुज. भिंतीकडे केलं की मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं.

"अरे, ही बाहेरून येतेय!"

भिंतीपलीकडे एक घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ राहायचे. आम्ही त्यांना घड्याळजी म्हणायचो. आपल्या वाजवण्याने ते कावले असणार, या धास्तीने आत्या वर्षभर जिन्यातही त्यांची नजर चुकवत होती. आज मात्र तिने बेल वाजवली.

आत टेबलावर दिवा जळत होता. त्याचा उजेड कमी-जास्त करायचं गोल बटण वायरीलाच होतं.

"हा जरा बंद करता?"

त्यांनी बटण फिरवलं. टक्. भिंतीपलीकडून बाबा ओरडले, "गेली!"

त्या गोल बटणाचीच घुंई गिटारमध्ये उतरते, हे आत्याने समजावलं, तेव्हा घड्याळजी ओशाळले. "मी तर ती घुंई गाण्यातलीच समजत होतो. म्हटलं, नव्या पद्धतीचं संगीत असेल."

आत्या दारातच हसत सुटली.

"पण दुसऱ्या गाण्यात," ते हळूच म्हणाले, "तिसऱ्या ओळीला तुम्ही रोज घाई करता."

आत्याचं हसू थांबलं. "रोज ऐकता?"

"भिंतीला खुर्ची लावून."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी दिव्याला साधं बटण बसवून घेतलं. आता संध्याकाळी ते खुर्ची घेऊन आत्याकडेच येतात आणि गुडघ्यावर ताल धरतात. घाई झाली की हात वर करतात. आत्या त्यांच्यावर खेकसते आणि निमूटपणे ती ओळ पुन्हा वाजवते.