दाढ दुखते म्हणून

फार वर्षांमागं भोरच्या दातांच्या दवाखान्यात मंगल लादी पुसत होती आणि आतल्या खोलीत सासरे-सून कडाकडा भांडत होते. दोघंही दातांचेच डॉक्टर.

"आपण दात बघायचे. पोरांची पोटं कशाला बघतेस?" सासरे अण्णा गरजले. "पेशंट तुटतील!"

"जाडेपणा दुखत नाही, अण्णा, म्हणून कुणी दाखवत नाही," सून शेफाली म्हणाली. "दाढ दुखते, म्हणून पोरगं आपल्याकडं येतं. साखर तीच, तोंडही तेच. आपण नाही बोललो तर कोण बोलणार?"

मंगलचा फडका जागीच थांबला. उत्रोलीहून चालत येणारी, चौथी शिकलेली बाई. हत्यारं उकळायची, नावं पुकारायची, एवढंच तिचं काम. पण सुनेचं तिला पटलं.

शेफालीनं वजनकाटा आणला. तर लोक पोराला काट्यावर चढवू देईनात. म्हणे नजर लागते! दिवसातून तीनदा पोराला रंगीत गोड पाणी पाजा, तेव्हा नजर कुठं गावाला गेलेली असते? काट्यावर उभं केलं की बरी परत येते! डॉक्टरीणबाई समजावून थकल्या. मग मंगलनंच तोड काढली. आजी-नातवानं मिळून चढायचं, मग आजीनं एकटीनं. वजाबाकी मंगल करणार. पोरगं एकटं तोललंच नाही, तर नजर लागायची कुणाला?

वजन जास्त निघालं की शेफाली सरकारी दवाखान्यातल्या मुलांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिही. त्या चिठ्ठ्या मात्र लोकांच्या खिशातच मरत. म्हणून मंगल पोराला स्वतः पोचवून येई.

यंदा गुडघ्यांनी तिला काम सोडायला लावलं. शेवटच्या शनिवारी भोंगवलीच्या चंद्राबाई आठ वर्षांच्या अमृतला घेऊन आल्या. चार दाढा किडलेल्या. दोघांचं मिळून वजन एक्क्याण्णव, आजीचं पंचेचाळीस.

"म्हंजे नातू तुमच्यापरीस जड झाला की, चंद्राबाई."

"बाळसं हाय त्ये! तुमच्या डोळ्यात खुपतंय व्हय?"

"आठ वर्साच्या पोराला कसलं बाळसं? सकाळी काय खाल्लं रं?"

"च्या आन् बिस्किटं," अमृत गाल धरून म्हणाला. "अख्खा पुडा."

"त्याची आई कंपनीत जाती," चंद्राबाई उसळल्या. "रडतं, मग द्यावंच लागतं. म्या काय त्याची वैरीण हाय?"

"वैरीण न्हाई. मायाच लई हाय तुमची. पर त्या मायेनं दाढा खाल्ल्या. जिना चढताना धाप लागली त्याला, म्या बघितलं. आता चला माज्यासंगं सरकारी दवाखान्यात."

"दाताला आलो आमी, दाताचंच बगा! ST चुकंल माजी."

"दुसरी मिळंल. दुसरा नातू मिळंल का?"

चंद्राबाईंनी पिशवी काखेत मारली. "चला. पर बिगीबिगी."

मंगलनं शेफालीची चिठ्ठी कमरेला खोचली, अमृतचा हात धरला आणि दुखऱ्या गुडघ्यानं जिना उतरली. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला, रांगेत उभी राहिली. रांगेत घुसणाऱ्या एका बाप्याला चार शब्द सुनावले. अमृतचं नाव पुकारताच तिनं चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात दिली आणि बाहेर बाकावर येऊन बसली. आजी-नातू बाहेर येईतो थांबायची तिची रीतच होती.