प्रकाशाला शेवया करायला गेले तेव्हा

नंदुरबार जवळ आलं तसे बसच्या खिडकीतून लाल माळ दिसायला लागले. थंडीच्या दिवसांत इथे पथारीवर (मिरची वाळत घालायचं मोकळं रान) मिरचीच मिरची पसरलेली असते. खिडकी लावून घेतली तरी ठसका लागायचा तो लागलाच. नंदुरबारला उतरून मी शहाद्याची बस धरली. वाटेत तापीकाठी प्रकाशा लागतं. तिथल्या शाळेत माझा मोठा भाऊ शिक्षक होता आणि निवृत्त झाल्यावरही त्याने ते गाव सोडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली. त्यांची मुलगी अस्मिता नोकरीसाठी मेक्सिकोत. तिनेच मला व्हिडिओवर फिदेओ शिकवलं. हे तिकडचं रोजचं, साधं जेवण: बारीक शेवया तेलात लालसर परतायच्या, त्यात कांदा-लसूण-टोमॅटो वाटून घालायचा आणि पाणी ओतून पातळसर शिजवायचं. "आत्या, बाबा एकटे काय खातात देव जाणे, एकदा जाऊन करून घाल," ती म्हणाली. म्हणून मी निघाले होते.

बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोठे जाई ऱ्हायन्यात, ताई?" मी दादाचं नाव सांगितलं. त्या मागे वळून कुणाला तरी हळूच काहीतरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या. मला वाटलं, गावात गुरुजींचा काही विनोद चालत असेल.

पूल ओलांडताना सूर्य तापीच्या पाण्यावर टेकला होता. दोन्ही काठांना केळीच्या बागा, मधूनमधून ऊस. घाटाकडून देवळाची घंटा ऐकू येत होती.

दादाने दार उघडलं आणि मी बघतच राहिले. अंगावर इस्त्रीचा सदरा, गाल भरलेले. मागच्या अंगणात हिरवं लुगडं वाळत होतं आणि स्वयंपाकघरात एक बाई भाकऱ्या थापत होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, शांत चेहऱ्याच्या. कामाला बाई ठेवली, बरं झालं, असं मनात म्हणत मी पदर खोचला आणि कढई मागितली.

शेवया तेलात पडल्या तेव्हा दादा उंबऱ्यात येऊन उभा राहिला. म्हणाला, "नलू, या विमलबेन. दिवाळीनंतर आम्ही लग्न केलं."

मला ऐकू आलं, पण कळलं नाही. हातात उलथनं तसंच होतं. शेवया आधी लाल, मग काळ्या झाल्या, घरभर धूर झाला, तरी मी हलले नाही. शेवटी विमलबेननीच गॅस बंद केला. माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा चेहरा पडला. त्या दादाकडे वळल्या.

"यासनी तुमले सांगं नही का?" (यांनी तुम्हाला सांगितलं नाही का?) हे त्या विचारत होत्या मला, बघत होत्या दादाकडे.

त्यांना वाटत होतं, आम्हाला सगळं ठाऊक आहे. दादाने तसंच सांगितलं होतं. त्या मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. धक्का मला एकटीलाच बसला नव्हता.

मी दादाला विचारलं, अस्मिताला तरी माहीत आहे का? त्याने नकारार्थी मान हलवली. तो म्हणाला, तुम्ही काय म्हणाल याची भीती वाटली, आणि रोज वाटली. मग मी कढई घासायला घेतली. म्हटलं, "मी पुन्हा शेवया परतते. तेवढ्यात तू तिला फोन लाव. तिकडे आता सकाळ आहे."

दादाने फोनवर अस्मिताला सगळं सांगितलं, विमलबेनना खोटं सांगितल्याचंही. नंतर तिने फोन विमलबेनना द्यायला सांगितला. मी पायरीवर नेऊन दिला. ती त्यांना म्हणाली, "मला जरा वेळ लागेल. पण बाबांनी तुम्हालाही फसवलंच की." विमलबेन पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "हाव ना, बेटा."

आम्ही तिघं जेवायला बसलो. मी वर लिंबू पिळलं, विमलबेननी शेंगदाण्याची चटणी वाढली. ती फिदेओत चालते का, हे मी कुणाला विचारलं नाही. "गोड लागस," त्या म्हणाल्या. इथे चवदार लागलं की गोड लागतं म्हणतात. दादा मान खाली घालून खात होता. त्याच्याशी त्या रात्री दोघीही फारसं बोललो नाही.

सकाळी विमलबेन मला नदीवर घेऊन गेल्या. त्या जवळच्याच गावच्या, शेतकरी गुजर घरातल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दादा तापाने पडला होता तेव्हा त्या शेजारी आपल्या नातेवाइकांकडे आल्या होत्या आणि त्याला पेज करून देत होत्या. नंतर ताप उतरला, पेज थांबली, पण दादा रोज त्या घरावरून फेरी मारायला लागला. हे सांगताना त्या पाण्याकडे बघून हसल्या. मलाही हसू आलं, आणि आपण हसतोय याचंच नवल वाटलं.

पुण्याला परतले तेव्हा जिन्यातच शेजारणीने विचारलं, "भाऊ तिकडे एकटेच असतात ना हो?"

मी सवयीने हो म्हणणार होते. "नाही," मी म्हटलं. तो शब्द माझ्याच कानांना नवा लागला. बॅग तशीच हातात धरून मी तो पुन्हा एकदा म्हटला.