बेबीताईचं कापलेलं बोलणं

वडनेर भोलजीत हायवेला लागून माझं दुकान आहे, नौशाद व्हिडिओ. लग्नाची शूटिंग, भाड्याच्या सीड्या, पासपोर्ट फोटो. कॉम्प्युटर होता, पण नेट नव्हतं, आणि ते मी मुद्दामच घेतलं नव्हतं. एका ओळखीच्या शूटिंगवाल्यानं नेट घेतलं, व्हायरस शिरला आणि गिऱ्हाइकांची अख्खी लग्नं पुसली गेली. एका नवरदेवाच्या बापानं त्याची भर बाजारात गचांडी धरली. तेव्हापासून मी कानाला खडा लावला.

आता बेबीताई. तिचा नवरा देवानंदभाऊ नांदुऱ्याला शाळेत शिपाई, सकाळच्या एसटीनं जायचा, संध्याकाळी यायचा. शेती सगळी ताईच्या अंगावर. घरावर स्लॅब टाकायचा की विहीर खोदायची, यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं म्हणे. ताई जिंकली आणि स्वतः विहिरीत उतरून टोपल्या भरू लागली. पाणी लागलं. तेव्हापासून गावातल्या बाया तिचा शब्द धरून चालायच्या. लेकराला ताप आला, पोरीला स्थळ आलं, गाय घ्यायची झाली, की आधी बेबीताईला विचार.

बोलायला मात्र फटकळ. एकदा भर दुकानात मला म्हणाली, "नौशाद, तुह्या शूटिंगमंधी नवरीपेक्षा लाइटवालाच जास्त दिसते." खरं होतं हो, पण चार गिऱ्हाइकं बसलेली असताना सांगायची काही गरज होती?

बीटी कापूस आमच्याकडे नवा नवा होता. ताईचं विहिरीवरचं वावर पांढरंफेक फुटलेलं पाहून एका बियाण्याच्या कंपनीची माणसं आली, कॅमेरा लावला, तिला बोलायला लावलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याचा पिक्चर गावोगाव गाडीवर दाखवला, सीड्या फुकट वाटल्या. पिक्चरमध्ये तोंड बेबीताईचं हलायचं आणि आवाज कोण्या शहरातल्या बाईचा, गोड गोड: "माझी काळजी मिटली. प्रत्येक शेतकरी भगिनीनं हेच बियाणं पेरावं." ताईनं उभ्या जन्मात कोणाला भगिनी म्हटलं नसेल. पण तोंड तिचं होतं. बायांनी कोरडवाहू वावरातही तेच पेरलं. ऑगस्टात पावसानं दडी मारली आणि पात्या म्हणजे कळ्या, फुलं, सगळं गळून खाली पडलं.

कोणी भांडायला आलं नाही. बायांनी तिला विचारणंच सोडून दिलं. निंदायला तिच्या वावरात कोणी येईना. हापशीवर एका नव्या सुनेनं लेकराच्या खोकल्याचं काही विचारलं, तर मागून आवाज आला, "तिले नको विचारू बाई, ते पिक्चरवाली हाय." बोलणारी अन्नपूर्णा होती. तिचं वावर बेबीताईच्या धुऱ्याला, बांधालाच लागून. दोघींनी वर्षानुवर्षं एकाच झाडाखाली भाकर खाल्लेली. पुढच्या पेरणीच्या तोंडावर दुकानात येऊन हे सांगताना ताईचा आवाज चिरकला. मी तिला पहिल्यांदाच असं पाहिलं.

ती सीडी घेऊन आली होती. म्हणाली, "नौशाद, मी असं बोललीच नाही. मी म्हटलं होतं, माह्या विहिरीचं पाणी हाय म्हणून कपाशी आली, बिनापाण्याच्या वावरात पेरू नका. अन्नपूर्णा तवा तिथंच उभी होती. आता म्हणते, मले काही आयकू आलं नाही. माहं बोलणं कुठी गेलं, ते पाहून दे."

मी सीडी कॉम्प्युटरवर लावली. आत आवाजाच्या तीन पट्ट्या होत्या. एक मराठी, एक हिंदी, तिसरीला नावच नव्हतं. म्हटलं, बनवणाऱ्यांच्या हातून जागेवरचा मूळ आवाज आत राहून गेला असेल. पण तिसऱ्या पट्टीवर गेलं की काही होईना. कॉपी होऊ नये म्हणून सीडीला कुलूप होतं, ते फक्त मराठी आणि हिंदीच वाजू देई.

कुलूप काढायचं सॉफ्टवेअर खामगावच्या एका मित्रानं मला कधीचं देऊन ठेवलं होतं. ते चालवलं, तर ते म्हणे या सीडीची किल्ली नेटवरून आणावी लागेल. घ्या! ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग आण ना. बसला काऊन?" तिला वाटलं किल्ली म्हणजे किराणा दुकानात मिळते.

बिगरनेटच्या लोकांसाठी त्यात एक सोय होती. सॉफ्टवेअर एक छोटी फाइल काढून देई. ती पेनड्राइव्हवर घ्यायची, नेट असलेल्या कॉम्प्युटरवरून पाठवायची, उत्तराची फाइल येते ती परत आणून आपल्या कॉम्प्युटरला द्यायची. आम्ही दोघं एसटीनं नांदुऱ्याला गेलो. सायबर कॅफेवाल्याचं नेट मुंगीच्या चालीनं चालत होतं. ताई त्याच्या पाठीशीच उभी राहिली, त्यामुळे त्याला ना चहाला जाता येईना ना गेम खेळता येईना. शेवटी उत्तर आलं.

दुकानात परतलो आणि पेनड्राइव्ह लावता लावता मी थांबलो. कॅफेतून पेनड्राइव्हवर व्हायरस आला असला तर? कितीतरी लोकांची लग्नं आत पडलेली. ताईला म्हटलं, "ताई, मले भेव वाटून राह्यलं." मला वाटलं आता शिव्या बसतील. पण ती म्हणाली, "लोकायची लग्नं आदी बाजूले काढ. माह्यासाठी कोणाचं पुसू नको." मग मी कॉम्प्युटरचा डबा उघडला, लग्नांची हार्डडिस्क काढून कपाटात ठेवली. काढलेले स्क्रू ताईनं पदरात धरले. त्यानंतरच पेनड्राइव्ह लावला.

कुलूप निघालं. तिसरी पट्टी सुरू केली तर वारा, चिमण्या, कुठेतरी बैलाची घंटा, आणि बेबीताईचा खडखडीत आवाज: "माह्या विहिरीचं पाणी हाय म्हणून कपाशी आली. बिनापाण्याच्या वावरात पेरू नका बायायहो." मी तर खुर्चीतून उठलोच. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून दुसरी बाई हळूच बोलली, "बेबी, ते काऊन सांगतं? साहेब नाराज होतीन, मंग आपल्याले थैल्या भेटनार नाहीत."

आवाज अन्नपूर्णाचा होता. त्या वर्षी बियाण्याच्या थैल्यांची खरंच मारामार होती.

ताईनं खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. मग म्हणाली, "तिचं तेवढं काप. माहं ठेव." मी माउसवर हात ठेवला. कापणं माझं रोजचंच काम, लग्नातले रुसवेफुगवे मीच तर कापतो. तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. माहं कापलं म्हणूनच त मी इतकी फिरली." आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी ती अन्नपूर्णाला घेऊन आली. काय सांगून आणलं, देव जाणे. मी पट्टी लावली. अन्नपूर्णानं ऐकलं, म्हणाली "पुन्हा लाव," आणि पुन्हा ऐकून पदरात तोंड घालून रडली. "बाई, मले खरंच आठवत नव्हतं. नाही त आठवू द्यायचं नव्हतं, काय माईत."

"कोणाले दाखवू नको म्हणत असशीन त नाही दाखवत," बेबीताई म्हणाली. मला तिचा इतका राग आला! एवढी धावपळ कशासाठी केली मग? पण अन्नपूर्णानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "याची सीडी बनव. पुरी बनव."

रविवारी गावच्या बुद्धविहारात टीव्ही मांडला. बाया आल्या, काही नुसत्या तमाशा पाहायला. बेबीताईचं वाक्य झालं आणि कुजबुज सुरू झाली. तशी अन्नपूर्णा उठली आणि मला सीडी थांबवायला लावली. "आता माहा आवाज येते," ती सगळ्यांना म्हणाली. "नीट आयका." आणि पहिल्या रांगेत, टीव्हीच्या अगदी समोर जाऊन बसली. तिचं बोलणं आलं. बेबीताई मागून उठली आणि तिच्याजवळ जाऊन बसली.

मी टीव्ही बंद करत होतो, तेव्हा अन्नपूर्णा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बेबी, मंग कोरडवाहूत औंदा मी काय पेरू?"

बेबीताईनं तिच्याकडे पाहिलं. "आदी हे सांग, यावक्ती आयकू येईन ना तुले?"

अन्नपूर्णानं मान हलवली. मग ताई मुगाचं आणि तुरीचं सांगू लागली, आणि मागच्या बाया ऐकायला पुढे सरकल्या.