मिशी उतरवताना

रत्नागिरीतल्या एका हॉलच्या मागच्या खोलीत मी मिशी चिकटवत होतो. आता मला स्वतःची मिशी येते, पण माझ्या एकपात्री प्रयोगासाठी ती काढून मी खोटी लावतो. गोंदाचा उग्र वास नाकात गेला आणि मी राजापूरजवळच्या आमच्या पडवीत जाऊन उभा राहिलो.

तेव्हा मी मुलगी म्हणून शाळेत जात होतो. गॅदरिंगच्या नाटकात सरदार झालो होतो. नाटक संपल्यावर बाकीच्या मुलींनी तोंडं धुतली, मी मात्र मिशीसकट घरी आलो. पडवीत बाबा सुपारी सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"कुनाचा रं तू? बस, पानी दितो."

मी सुखावून त्यांच्यासमोर बसलो. तेवढ्यात आई हसत बाहेर आली. "अवो, आपली पोर हाय ती."

बाबांचा चेहरा उतरला. दर शिमग्याला नमनाच्या खेळात साडी नेसून गवळण होणारा हा माणूस; सगळा गाव त्यांचं कौतुक करायचा. त्यांची ती लाज बघून मलाही लाज वाटली. ते स्वतःचा रंग उतरवायची खोबरेलाची बाटली घेऊन आले. "ख्येळ संपला की पुसायचं असतं," एवढंच म्हणाले आणि जराही न दुखवता मिशी सोडवू लागले.

प्रयोगाच्या शेवटी मी तशीच तेल लावून मिशी उतरवतो. लोक बाबांच्या त्या पुसणाऱ्या हाताला दोष देतात. पुढचं मी त्यांना कधीच दाखवलेलं नाही. बाबांचा हात मध्येच थांबला होता. तेव्हा मीच ओठ पुढे करून म्हणालो होतो, "इथं अजून राहिलीय, बाबा."